काचेवर न छापलेली स्टेशने

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची काच जरा डोळ्यांपुढे आणा. वर मीडियम वेव्हची पट्टी, तिच्याखाली शॉर्टवेव्हच्या एक-दोन पट्ट्या आणि त्यांवर ठरावीक ठिकाणी छापलेले आकडे : ४९, ४१, ३१, २५, १९, १६. हे मीटर. बुधवारी रात्री आठ वाजता 'बिनाका'साठी काटा कुठे न्यायचा, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यांच्या आधी पाठ झालेले होते. वडील काटा फिरवीत तो जलद एसटीसारखा; एका आकड्यावरून थेट दुसऱ्या आकड्यावर. मधल्या जागेत खरखर, शिट्ट्या, कुठे टकटक. तिथे थांबायचे कारण नव्हते, कारण काचेवर तिथे काही छापलेलेच नव्हते.

मी मात्र तिथेच थांबत असे. आमचा सेट मर्फीचा. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला आणि वडिलांनी हप्त्याने घेतलेला. बटण पिळल्यावर मिनिटभर काहीच होत नसे. मग मागच्या भोकांतून व्हॉल्व्हचा तांबूस उजेड दिसे, तापलेल्या धुळीचा वास येई आणि दुरून कुणी चालत यावे तसा आवाज वर येई. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, तीच एरियल. दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन नवे करून आणायचे काम माझ्याकडे होते. (नुसते ऐकण्यासाठी सरकारचा परवाना लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर त्यांना थट्टा वाटते. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.)

एका रविवारी सकाळी ४९ आणि ४१ च्या मध्ये, ४१ ला अगदी खेटून, एक माणूस बोलताना सापडला. दाक्षिणात्य वळणाचे इंग्रजी. 'व्ही यू टू' अशी काही अक्षरे त्याने दोनदा सावकाश उच्चारली आणि मग आपल्याकडे पहाटेपासून पाऊस आहे, ट्रान्सफॉर्मर फार तापतो आहे, असे सांगू लागला. मध्येच थांबला. त्या शांततेत दुसरा एक अशक्त आवाज आला आणि त्याने ट्रान्सफॉर्मरवर उपाय सांगितला. गाणे नाही, बातमी नाही, दंतमंजनाची जाहिरात नाही. दोन अनोळखी माणसे, त्यांची घरे एकमेकांपासून कित्येक कोस दूर, आणि मी कऱ्हाडच्या एका माडीवर बसून त्यांचे बोलणे ऐकत होतो. मला एकदम दाराआड उभा असल्यासारखे वाटले आणि मी आवाज कमी केला.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना विचारले. सर हसले. म्हणाले, "अरे, ती हौशी माणसं. त्यांना हॅम म्हणतात. कुणी डॉक्टर, कुणी कारकून. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरात बसून बोलायचं. तार नाही, टेलिफोन नाही, बिल नाही." सर स्वतःही त्यातलेच निघाले. हॅम हा मुळात हिणवण्याचा शब्द. तारखात्यात ज्याला धड टकटक करता येत नसे त्याला हॅम म्हणत. पुढे ज्यांना हिणवले त्यांनीच तो शब्द अभिमानाने उचलला.

सरांनी फळ्यावर ३०० हा आकडा लिहिला. मेगाहर्ट्झने त्याला भागले की मीटर मिळतात, मीटरने भागले की मेगाहर्ट्झ. हौशींचा ४० मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, २० मीटरचा १४ पासून, १५ मीटरचा २१ पासून आणि १० मीटरचा २८ पासून. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस : सरळ सातचा पाढा! पुढे आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, पण इतका देखणा ताळा क्वचितच पाहिला. त्याचा एक फायदाही आहे. हौशीच्या घरगुती यंत्रातून मूळ लहरीबरोबर तिची दुप्पट-तिप्पट थोडीशी सांडतेच. ती सांडली तरी आपल्याच भाऊबंदांच्या अंगणात सांडते, शेजारच्यांच्या नाही.

दुसऱ्या एका संध्याकाळी सरांनी घरी बोलावून जी गंमत दाखवली, ती मी अजून विसरलेलो नाही. त्या काळी आपल्याकडचे बरेच हौशी साध्या ए.एम. पद्धतीने बोलत, म्हणून ते आमच्या मर्फीवर कळत. पण काहींनी सिंगल साइडबँड ही नवी पद्धत घेतली होती. तीत आवाजाची वाहक लहर पाठवतच नाहीत. शक्ती वाचते, पण साध्या रेडिओवर ते बोलणे बदकांच्या भांडणासारखे ऐकू येते. सरांनी आपला मोठा सेट त्या बदकांवर लावला. मग खिशातला ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ ठेवून त्याचा काटा अर्धा मेगाहर्ट्झभर खाली नेला आणि केसाच्या अंतराने फिरवू लागले. बदक घोगरे झाले, मग जाडे झाले, आणि एका क्षणी त्याचा माणूस झाला! स्वच्छ आवाजात तो आपल्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होता. बोलणाऱ्याने जी लहर पाठवली नव्हती ती शेजारच्या ट्रान्झिस्टरने आपल्या पोटातून पुरवली होती. प्रत्येक सुपरहेट रेडिओच्या आत एक लहानसा लहर-उत्पादक असतो आणि तो ऐकायच्या स्टेशनच्या ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो. म्हणून काटा तितका खाली. आज कुणाकडे दोन जुने सेट असतील तर हा प्रयोग करून पाहावा.

हे पट्टे हौशींना मिळाले कसे, ती हकीकत मला फार आवडते. मार्कोनीच्या काळात शहाण्यासुरत्या लोकांची समजूत अशी होती की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. म्हणून कंपन्या आणि आरमारे हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरीत आणि त्यासाठी अवाढव्य मनोरे उभारीत. हौशी पोरांची लुडबूड त्यांना नको होती. १९१२ साली, टायटॅनिक बुडाल्यानंतर, अमेरिकेने कायदा केला आणि हौशींना २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर हाकलले. ते मुरमाड रान. तिथे काही पिकत नाही, असे तज्ज्ञांचे मत होते. भूमिहीनाला सरकारने खडकाळ तुकडा द्यावा तसा हा प्रकार.

आणि त्या खडकाखाली पाणी निघाले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून, लांबलचक तार ताणून बसला आणि त्याला अमेरिकेतल्या घरगुती केंद्रांची टकटक ऐकू आली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या लेओं देलुआने आणि अमेरिकेतल्या फ्रेड श्नेलने अटलांटिकच्या आरपार एकमेकांशी संवाद केला, तोही शंभर मीटरच्या आसपास. पुढच्याच वर्षी १८ ऑक्टोबरला न्यूझीलंडच्या मेंढपाळी मुलखातला फ्रँक बेल आणि लंडनजवळच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा मुलगा पृथ्वीच्या दोन टोकांवरून बोलले. मोठ्या कंपन्यांचे मनोरे बघत राहिले.

मग जे व्हायचे तेच झाले. जमीन सुपीक आहे हे कळल्याबरोबर सगळे मोजणीदार धावले. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत शॉर्टवेव्हचे वाटप झाले. जहाजे, सैन्य, प्रक्षेपण केंद्रे यांनी मोठमोठे तुकडे घेतले आणि ज्यांनी हे रान वहितीखाली आणले त्यांच्यासाठी मधले चिंचोळे बांध ठेवले. काचेवर न छापलेल्या जागा त्या याच. पण एक गोष्ट मानली पाहिजे : ते बांध गेली जवळजवळ शंभर वर्षे हौशींकडेच आहेत. तिथे धंदा करायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत. आपल्याकडच्या नियमांनुसार राजकारण आणि धर्म यांवरही बोलायचे नाही. हे दोन विषय वगळल्यावर मराठी माणूस बोलणार काय, असा प्रश्न कुणाला पडेल; तर एरियल, हवामान, दमा आणि नातवंडे यांवर भरपूर बोलता येते.

पाणी निघाले म्हणजे नेमके काय झाले? आपल्या डोक्यावर साधारण साठ ते चारशे किलोमीटरच्या दरम्यान सूर्याच्या किरणांनी हवेचे कण विद्युतभारित होतात आणि त्यांचे थर बनतात. सगळ्यात वरचा थर आखूड लहरींना वळवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. अगदी खालचा थर दिवसा ४० मीटरसारख्या लहरींची शक्ती खातो आणि सूर्य मावळला की विरून जातो. म्हणून रात्री दूरची स्टेशने जवळ येतात. लहर वर जाऊन खाली येईपर्यंत मधला बराच मुलूख ओलांडते, म्हणून तेराशे-चौदाशे किलोमीटरवरचे सिलोन आमच्याकडे खणखणीत लागे आणि त्याहून कितीतरी जवळचे एखादे शॉर्टवेव्ह केंद्र लागतच नसे. लहानपणी आम्ही याचा दोष मर्फीला देत होतो! या थरांच्या अभ्यासासाठी एडवर्ड ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांचा वरच्या वातावरणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर वापरला गेला. सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे. डाग वाढले की १० मीटरचा पट्टाही उघडतो आणि दिव्याच्या बल्बाएवढ्या शक्तीवर माणूस ब्राझीलशी बोलतो. फार चेकाळला तर तोच सूर्य सगळे बंदही पाडतो. मे २०२४ मधल्या सौर वादळात ते झाले; त्याच रात्री लडाखच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला होता.

आता आपल्या घरची एक गोष्ट. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतून एक स्टेशन बोलू लागले. छोडो भारतची घोषणा होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, पुढारी तुरुंगात होते, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होते. हिंदुस्थानातून कुठून तरी, ४२.३४ मीटरवर, काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशी त्याची घोषणा असे. बोलणारी उषा मेहता बावीस वर्षांची होती. शाळेत इतिहास शिकताना मीटरचा हा आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. सरांचा भागाकार करून पाहा. उत्तर येते सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. म्हणजे नेमका हौशींचा ४० मीटरचा बांध! युद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारने हौशींचे परवाने रद्द केले होते, यंत्रे जमा करायला लावली होती. पट्टा ओस पडला होता. आणि काँग्रेस रेडिओची तांत्रिक बाजू पाहणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हा मुंबईचा जुना हौशीच होता. तेव्हा हा आकडा योगायोगाने निवडला गेला असेल असे मला वाटत नाही. जागा बदलत बदलत ते केंद्र जेमतेम तीन महिने चालले. १२ नोव्हेंबरला धाड पडली. पोलिसांना ठावठिकाणा मिळाला तोही तंत्र सांभाळणाऱ्या माणसाकडूनच. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होत्या आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

१९८२ साली मी बँकेत लागलो आणि रेडिओ मागे पडला. नाही म्हणायला, खेड्यातल्या शाखेत आकाशवाणीच्या ठोक्यांवर भिंतीवरचे घड्याळ लावून आम्ही तिजोरी उघडत असू, आणि तारेने पैसे पाठवताना सांकेतिक शब्दांचे पुस्तक उघडावे लागे तेव्हा सरांची टकटक आठवे. एवढेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात होतो. दोन-तीन दिवसांनी आम्हा काही जणांना त्या भागात पाठवण्यात आले. सुमारे दहा हजार माणसे गेली होती. त्या दिवसांबद्दल मी कादंबरीतही लिहू शकलेलो नाही, इथेही लिहिणार नाही. एकच सांगतो. टेलिफोन कुठेच लागत नव्हता. एका तंबूबाहेर ट्रॅक्टरची बॅटरी, तिच्यावर एक खोका आणि खोक्यातून निघून लिंबाच्या फांदीला बांधलेली तार. खोक्यापुढे पंचविशीचा एक मुलगा बसला होता. तो औषधांची यादी वाचत होता. एकेक अक्षर फोडून, दोनदा. धनुर्वाताच्या लशी किती, सलाईन किती. यादी संपली तशी बाजूला उभी असलेली एक बाई पुढे आली. तिचा मुलगा फौजेत, उत्तरेत कुठेतरी. तिने सांगितले ते त्याने कागदावर लिहून घेतले आणि पाठवले : आई जिवंत. वडील गेले. ये. पलीकडून पुण्याच्या कुणीतरी तोच मजकूर शब्दाला शब्द परत वाचून दाखवला. मुलगा त्या बाईला म्हणाला, "मावशी, पोचलं." ती तिथेच खाली बसली.

बोलणाऱ्याचा आवाज मी पूर्वी ऐकला होता. तो कुणासाठी असतो हे त्या दिवशी पाहिले.

पुढे हेच मोठ्या प्रमाणावर अंदमानात झाले. तिथून हौशी प्रक्षेपणाला बरीच वर्षे परवानगी नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने एक तुकडी पोर्ट ब्लेअरला गेली आणि ज्यांच्या यादीत अंदमानची नोंद नव्हती असे जगभरचे हौशी तिच्याशी दोन शब्द बोलण्यासाठी तुटून पडले. हा तसा छंद. पोस्टाची तिकिटे जमवावीत तसे देश जमवायचे. २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हलली आणि समुद्र आत आला. छंदासाठी नेलेली तीच यंत्रे मग बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधला दुवा झाली. लोक जिवंत आहेत की नाहीत एवढेच विचारणारे निरोप दिवसेंदिवस त्यांवरून जात राहिले.

काचेवर छापलेल्या आकड्यांचे मात्र काय झाले ते पाहा. रेडिओ नेदरलँड २०१२ मध्ये गेला, रशियाने आपले शॉर्टवेव्ह २०१४ मध्ये आवरले, रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७ मध्ये थांबला. बीबीसीची हिंदी सेवा १९४० पासून शॉर्टवेव्हवर होती. ३१ जानेवारी २०२० ला ती तिथून उतरली. मोबाइलवर सगळे ऐकू येत असताना एवढी वीज जाळायची कशाला, हा हिशेब मला कळतो. खर्चाच्या बाजूला काय लिहायचे ते सोपे असते. पण मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरचा हल्ला सुरू झाल्यावर त्याच बीबीसीने तिथल्यासाठी रोज चार तास शॉर्टवेव्हवर बातम्या पुन्हा सुरू केल्या, तेव्हा जमेच्या बाजूला काय लिहायचे राहून गेले होते तेही कळले. मनोरा पाडता येतो, आकाश पाडता येत नाही.

घरोघरीच्या माळ्यावरच्या सेटांबद्दल दोन शब्द. कुणी ते चोरबाजारात देतात, कुणी आतले सगळे उपसून त्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवून दिवाणखान्यात ठेवतात. ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. मला ते पेंढा भरलेल्या वाघासारखे वाटते. सेट पुन्हा बोलता व्हावा असे वाटत असेल तर कृपा करून उत्साहाने पिन भिंतीत खोचू नका. आतले कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत झिरपू लागलेले असतात, ते आधी बदलावे लागतात. नाहीतर ट्रान्सफॉर्मर किंवा शेवटचा व्हॉल्व्ह जळतो. एसी-डीसी प्रकारच्या सेटांत तर लोखंडी सांगाड्यातच वीज उतरलेली असू शकते. जाणत्या माणसाकडून हे करून घ्या. व्हॉल्व्ह बहुधा चांगलेच निघतात. ते फार चिवट असतात.

पण सेट दुरुस्त होतो आणि तरी काही ऐकू येत नाही, असा अनुभव आता सर्रास येतो. स्टेशने कमी झाली हे खरे. त्याहून मोठे कारण आपल्याच भिंतींत आहे, आणि ते मला आमच्या सोसायटीत कळले.

निवृत्त बँकवाल्याच्या गळ्यात सोसायटीचे खजिनदारपद पडते, तसे माझ्या पडले आहे. तिसऱ्या मजल्यावर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, वय ७९, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पा पन्नास वर्षांचे हॅम. गुडघ्यांमुळे जुना बंगला सोडून लिफ्टच्या इमारतीत आले. त्यांनी अर्ज केला : गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत २० मीटरची एक तार बांधू द्यावी. ४० मीटरच्या लहरीला निम्म्या लांबीची तार लागते, म्हणून २० मीटर. कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक.

सभेत या तारेवर सव्वा तास चर्चा झाली. वीज पडेल. वॉटरप्रूफिंग जाईल. किरणोत्सर्गाने मुलांना अपाय होईल. टीव्हीला मुंग्या येतील. हेर समजून पोलीस येतील. मजा अशी की याच सभेत आधीच्या विषयात मोबाइल कंपनीचा मनोरा गच्चीवर घेण्याचा प्रस्ताव बहुतेकांना पसंत होता, कारण त्याचे भाडे येणार होते. जे यंत्र चोवीस तास चालेल त्याच्या लहरी भाड्यामुळे निरुपद्रवी ठरल्या, आणि जे सकाळी तासभर चालेल त्याच्या घातक! आप्पा शांतपणे म्हणाले, "माझा परवाना आहे, तार जमिनीला जोडलेली असेल, वादळात मी ती सोडवून ठेवीन. आणि जिन्यातल्या एका जुन्या बल्बाइतकीच शक्ती वापरीन." शेवटी अध्यक्षांनी वर्षभराची परवानगी दिली, तीही केव्हाही रद्द करण्याच्या अटीवर.

तार बांधली आणि आप्पांच्या खोलीत नुसती भरड ऐकू आली. गिरणीत दळण चालू असावे तशी. रात्री दहा वाजता आम्ही दोघे खिशातला रेडिओ घेऊन जिना चढत-उतरत निघालो. रेडिओ ४१ मीटरवर, कान प्रत्येक दाराशी. मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे, वॉशिंग मशीन, लिफ्टची मोटर चालवणारा कंट्रोलर : सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. स्वस्त वस्तूंत गाळणी नसते. ती तुटतानाची ठिणगी आपल्याला दिसत नाही. रेडिओला ती ऐकू येते. माझ्याच स्वयंपाकघरातली ट्यूब दुसऱ्या मजल्यापर्यंत घरघरत होती, ती मी दुसऱ्या दिवशी बदलली. सगळ्यात मोठा आवाज अध्यक्षांच्या गॅलरीतल्या दिव्यांच्या माळेचा निघाला. दिवाळीत लावलेली, होळी आली तरी उतरवलेली नव्हती. वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ती बंद करायचं बटणच सोफ्यामागे गेलंय." सोफा हलवला. इमारत एकदम गप्प झाली.

तेव्हापासून मी अधूनमधून सकाळी आप्पांकडे चहाला जातो. नुसते ऐकत बसतो. परीक्षा द्यायची इच्छा आहे, बघू. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते, आणि अध्यक्षांच्या नातीने पुस्तक मागून नेले आहे. ४० मीटरवर कोइमतूरचे कुणी श्रीलंकेतल्या मित्राशी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलत असते. संध्याकाळी २० मीटरवर युरोपाची गर्दी. मोर्सची टकटक आप्पा वर्तमानपत्र वाचता वाचता समजून घेतात आणि मध्येच "जपान" एवढेच म्हणतात. २००९ पासून ७.१ ते ७.२ हा तुकडाही प्रक्षेपण केंद्रांकडून हौशींकडे आला आहे. म्हणजे मर्फीच्या काचेवरच्या ४१ या आकड्यातला बराच भाग आता न छापलेल्यांचा आहे.

आप्पांच्या तारेची वर्षाची मुदत संपत आली. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत टाकीच्या सफाईनंतर आणि पार्किंगच्या आधी 'गच्चीवरील तार' हा विषय घेतला आहे. रंगकामाला अडथळा होतो म्हणून तिघांनी लेखी हरकत दिली आहे, आणि मोबाइल मनोऱ्याचा प्रस्ताव पुन्हा आला आहे. मनोऱ्याचे भाडे ताळेबंदात कुठे लिहायचे ते मला नीट माहीत आहे. तारेसाठी मी तीन पानांचे टिपण टाइप करून ठेवले आहे. त्यात किल्लारीचे एक पान आहे.